एमआरआयमधील वलय आणि काचपट्टीवरील पेशी : यकृतातील दुय्यम गाठींचे दोन अहवाल

मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या रुग्णाच्या फाइलमध्ये काही आठवड्यांच्या अंतराने दोन कागद येतात. पहिला एमआरआयचा असतो. यकृताच्या उजव्या भागात तीन सेंटिमीटरची गाठ आहे आणि ती कॉन्ट्रास्ट (प्रतिमेतील भाग उजळवणारे औषध) दिल्यावर कडेने उजळते, असे त्यात लिहिलेले असते. दुसरा कागद शस्त्रक्रियेनंतर पॅथॉलॉजी विभागाकडून, म्हणजे काढलेल्या ऊती सूक्ष्मदर्शकाखाली तपासणाऱ्यांकडून येतो. त्यात तीच गाठ अडीच सेंटिमीटरची भरते, आणि तिचा बराचसा भाग मृत ऊतींचा असून जिवंत कर्करोग फक्त कडेला आहे, असे म्हटलेले असते. घरची मंडळी दोन्ही कागद शेजारी ठेवतात आणि डॉक्टरांना विचारतात, की यांतले खरे कोणते मानायचे.

दोन्ही खरे आहेत, कारण दोन्ही तपासण्या मुळात वेगवेगळ्या गोष्टी पाहतात. एमआरआयला एकही पेशी दिसत नाही. जिवंत शरीरात रक्त कुठून येते, कुठे साचते, कुठून निघून जाते आणि ऊतींमधले पाणी किती मोकळेपणाने हलते, एवढेच त्या यंत्राला कळते. पॅथॉलॉजिस्टच्या सूक्ष्मदर्शकाखाली याच्या उलट स्थिती असते. तिथे पेशी अगदी जवळून दिसतात, परंतु रक्ताचा प्रवाह कायमचा थांबलेला असतो. यकृतातील गाठीचे चित्र या दोन्ही टोकांकडून पाहिले, की एमआरआयमधील प्रत्येक उजळ आणि काळ्या पट्ट्यामागे ऊतींमधील कोणती घडामोड आहे हे बरेचसे उलगडते.

दुय्यम गाठ यकृतातच का

शरीरात एका ठिकाणी सुरू झालेला कर्करोग रक्तावाटे दुसरीकडे जाऊन रुजतो, तेव्हा त्या नव्या गाठीला दुय्यम गाठ किंवा मेटास्टॅसिस म्हणतात. आतड्यांतून निघालेले रक्त हृदयाकडे परतण्याआधी पोर्टल व्हेन नावाच्या मोठ्या शिरेने यकृतातून गाळले जाते. त्यामुळे आतड्यातील कर्करोगाच्या सुटलेल्या पेशींना पहिला थांबा यकृताचाच मिळतो. तिथे रुजल्यावरही त्या पेशी आतड्याच्याच राहतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या आतड्याच्या अस्तरासारख्या लहान लहान ग्रंथी, म्हणजे मधे पोकळी असलेली वर्तुळे, रचत असतात. म्हणूनच यकृतात गाठ असली तरी डॉक्टर त्याला यकृताचा कर्करोग म्हणत नाहीत आणि उपचारही आतड्याच्या कर्करोगाचे देतात.

पाटाचे पाणी आणि विहिरीचे पाणी

यकृताला रक्त दोन वाटांनी मिळते. सुमारे ७५ टक्के रक्त पोर्टल व्हेनमधून येते आणि उरलेले सुमारे २५ टक्के यकृताच्या धमनीतून. पाटाचे आणि विहिरीचे अशी दोन पाणी असलेल्या शेतासारखे हे आहे. शेताची मुख्य भिस्त पाटावर असते आणि विहीर जोडीला असते. दुय्यम गाठ मात्र थोडी मोठी झाली, की आपली तहान जवळजवळ पूर्णपणे विहिरीवर, म्हणजे धमनीवर भागवू लागते. एमआरआयमध्ये गाठ ओळखू येते ती मुख्यतः या फरकामुळे.

कॉन्ट्रास्ट म्हणजे हाताच्या शिरेतून दिलेले गॅडोलिनियम या धातूचे संयुग. ते स्वतः चित्रात दिसत नाही. ते जिथे पोहोचते तिथल्या पाण्याच्या रेणूंचे चुंबकीय वर्तन बदलते आणि तो भाग एका विशिष्ट प्रकारच्या प्रतिमेत उजळ होतो. इंजेक्शननंतर साधारण अर्ध्या मिनिटात ते धमनीवाटे यकृतात येते. पाटाने येणाऱ्या रक्ताला आधी आतडी आणि प्लीहा यांचा फेरा पूर्ण करावा लागतो, म्हणून त्या वाटेचा कॉन्ट्रास्ट यकृतात पूर्ण भरायला एक मिनिटाहून थोडा अधिक काळ जातो. यंत्र या दोन्ही क्षणी आणि पुन्हा तीन ते पाच मिनिटांनी प्रतिमा घेते. पहिल्या क्षणी विहिरीवर पोसलेले भाग आधी उजळतात आणि दुसऱ्या क्षणी सारे यकृत उजळून निघते.

हेडफोनमधून येणारी 'श्वास घ्या, सोडा, आता रोखून धरा' ही सूचना अनेकांना त्रासदायक वाटते. तिचे महत्त्व समजून घ्यायला हवे. धमनीच्या टप्प्याचा अवधी मोजक्या सेकंदांचा असतो, आणि त्या वेळी श्वास सुटला तर यकृत छातीच्या पडद्याबरोबर वरखाली सरकते. मग गाठीभोवतीचे बारीक वलय धूसर होते आणि तो क्षण त्या तपासणीत पुन्हा मिळत नाही. तपासणीआधी दोन-तीन वेळा श्वास रोखण्याचा सराव करून घेतला, तर अहवालाचा दर्जा खरोखर सुधारतो.

वणव्यासारखे वलय

आतड्याच्या कर्करोगाची दुय्यम गाठ कापून टेबलावर ठेवली, तर ती यकृताच्या तांबूस-तपकिरी रंगात पांढुरकी, टणक आणि बऱ्यापैकी गोल दिसते. ती यकृताच्या पृष्ठभागाजवळ असेल तर पुष्कळदा तिच्या मध्यभागी बेंबीसारखा खळगा असतो. सुरीने उभी चिरली की कडेचा भाग घट्ट लागतो, आणि मधला भाग पिवळसर, भुसभुशीत, कधी पिठूळ निघतो.

डोंगरावर गवताला वणवा लागतो तेव्हा ज्वाळा नेहमी कडेच्या रेषेवर असतात. आत राख असते, आणि रेषेच्या बाहेरचे गवत अजून पेटलेले नसले तरी आचेने करपू लागलेले असते. गाठीची रचनाही या तीन पट्ट्यांची असते. कर्करोगाच्या जिवंत, वाढणाऱ्या पेशी कडेला असतात, कारण ताजे रक्त तिथे पोहोचते. मध्यभागाला रक्त अपुरे पडते आणि तिथल्या पेशी मरतात. या मृत भागाला नेक्रोसिस म्हणतात. काही जागी मृत भागाची जागा चिवट तंतुमय ऊती घेतात. गाठीच्या लगत बाहेर जे यकृत असते त्यात अजून कर्करोग नसतो, पण ते दाबले गेलेले असते आणि त्यात दाहाच्या पेशी, नवी तंतुमय ऊती व वाढलेल्या बारीक रक्तवाहिन्या आढळतात.

धमनीच्या टप्प्यावर दिसणारे उजळ वलय या कडेच्या पट्ट्यांचे असते. काळजीने पाहायला हवी ती बाब अशी, की ते वलय नेहमी निव्वळ कर्करोगाचेच नसते. एमआरआयच्या प्रतिमा आणि सूक्ष्मदर्शकाखालच्या ऊतींच्या काचपट्ट्या शेजारी ठेवून पाहिल्यावर असे लक्षात आले, की बाहेरचा उजळ पट्टा काही वेळा गाठीच्या सीमेपलीकडच्या, प्रतिक्रिया देणाऱ्या यकृताचा असतो, म्हणजे करपलेल्या गवताचा. तो धरून माप घेतले तर गाठ आहे त्यापेक्षा मोठी भरते. रुग्णाच्या दोन कागदांतील अर्ध्या सेंटिमीटरच्या फरकाचे एक कारण हे असते.

सगळ्याच दुय्यम गाठी अशा नसतात. मूत्रपिंड, थायरॉइड आणि संप्रेरके स्रवणाऱ्या न्यूरोएंडोक्राइन पेशी यांच्या कर्करोगाच्या गाठींना रक्ताचा पुरवठा भरपूर असतो, आणि लहान असताना त्या पहिल्याच टप्प्यात आख्ख्या उजळतात. मेलॅनोमाच्या, म्हणजे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींच्या कर्करोगाच्या काही गाठी तर त्यांतील मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे कॉन्ट्रास्ट देण्याआधीच उजळ दिसतात.

पंचा आणि गोधडी

तीन ते पाच मिनिटांनंतरच्या प्रतिमेत बऱ्याचदा चित्र उलटते. आधी उजळलेली कड काळी पडते आणि आधी काळे असलेले केंद्र हळूहळू उजळू लागते. अहवालात याला 'कडेचे वॉशआउट' म्हणतात.

याची कारणमीमांसा पॅथॉलॉजीत सापडते. सुती पंचा पटकन भिजतो आणि पटकन वाळतो. गोधडी भिजायला वेळ घेते आणि भिजली की दोन दिवस ओलसर राहते. कडेचा भाग दाट पेशींचा आणि रक्तवाहिन्यांचा असतो, पेशींमधली मोकळी जागा तिथे कमी असते. म्हणून कॉन्ट्रास्ट तिथे झटकन येतो आणि झटकन निघून जातो. मध्यभागातील तंतुमय ऊतींत रक्तवाहिन्या थोड्या, पण पेशींबाहेरची जागा पुष्कळ असते, त्यामुळे कॉन्ट्रास्ट तिथे उशिरा झिरपतो आणि रेंगाळतो. जिथे तंतुमय ऊतीही नाहीत, केवळ मृत, पातळ झालेला भाग आहे, तिथे कॉन्ट्रास्ट पोहोचतच नाही आणि ते केंद्र शेवटपर्यंत काळे राहते. १९९४ साली हे कडेचे वॉशआउट घातक गाठीचे लक्षण म्हणून रेडिओलॉजीच्या लेखनात नोंदवले गेले. ते प्रत्येक दुय्यम गाठीत दिसत नाही, परंतु स्पष्ट दिसले तर संशय फार बळावतो.

कॉन्ट्रास्टशिवायही एक उपयुक्त प्रतिमा मिळते. तिला डिफ्यूजन प्रतिमा म्हणतात आणि ती पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजते. सकाळच्या गर्दीच्या लोकलमध्ये माणसाला पाय हलवता येत नाही, तसे दाट पेशींच्या भागात पाण्याला हलता येत नाही, आणि तो भाग या प्रतिमेत चमकतो. एक सेंटिमीटरहून लहान गाठी शोधताना या प्रतिमेचा फार उपयोग होतो.

वीस मिनिटांनंतरचा अंधार

गॅडोलिनियमची काही संयुगे यकृताच्या पेशी स्वतः शोषून घेतात आणि पित्तात सोडतात. गॅडोक्सेटिक आम्ल हे त्यांतले मुख्य. प्रिमोव्हिस्ट या नावाने ते वापरात आहे. त्याचा साधारण निम्मा भाग यकृताच्या पेशींतून बाहेर पडतो आणि निम्मा मूत्रपिंडांतून. इंजेक्शननंतर सुमारे २० मिनिटांनी निरोगी यकृत या कॉन्ट्रास्टने उजळलेले असते. दुय्यम गाठीत यकृताच्या पेशी नसतात, म्हणून तिथे काळा ठिपका उरतो. दिवाळीच्या रात्री डोंगरावरून गाव पाहावे आणि दिव्यांच्या मधोमध एक अंधारा तुकडा दिसावा, तसे ते दिसते. काही मिलिमीटरच्या गाठीही या पार्श्वभूमीवर उठून दिसतात.

अंधाऱ्या तुकड्याचा अर्थ मात्र 'इथे घरे नाहीत' एवढाच होतो. तिथे तळे असेल, मैदान असेल किंवा स्मशान असेल. त्याचप्रमाणे पाण्याची साधी पुटी, रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ म्हणजे हिमँजिओमा, आणि गळू हेही या प्रतिमेत काळेच दिसतात. निदान केवळ या एका प्रतिमेवर कोणी करू नये आणि जाणकार रेडिओलॉजिस्ट ते करत नाहीत. हिमँजिओमा कडेने मण्यांसारखा तुटक उजळतो आणि मग हळूहळू आत भरत जातो. गळूच्या भोवतीही वलय असते. आपल्याकडे अमिबामुळे होणारे यकृताचे गळू आणि क्षयाच्या गाठी आढळतात, त्यामुळे ताप, पोटाच्या उजव्या बाजूची दुखरी जागा आणि रक्ताच्या तपासण्या यांची माहिती रेडिओलॉजिस्टपर्यंत पोहोचणे अत्यावश्यक ठरते. तपासणीच्या फॉर्मवर 'पोटदुखी' एवढाच शब्द लिहून रुग्णाला पाठवले, तर वलय पाहणाऱ्याला ते गळूचे की गाठीचे हे ठरवणे विनाकारण कठीण होते.

एमआरआयमध्ये एवढे कळते, मग सुई कशासाठी?

सुईने गाठीचा बारीक नमुना काढून तपासणे म्हणजे बायोप्सी. 'सुई लावली की कॅन्सर पसरतो' ही भीती घराघरांत आहे. बहुतेक कर्करोगांत ती अवाजवी असते, आणि तिच्यापायी निदान लांबवणे घातक ठरते. यकृतातील दुय्यम गाठींच्या बाबतीत मात्र तिच्यात थोडे तथ्य आहे. सुईच्या मार्गात कर्करोगाच्या पेशी रुजल्याची उदाहरणे नोंदवलेली आहेत. म्हणून आतड्याचा कर्करोग आधीच सिद्ध झालेला असेल, एमआरआयचे चित्र ठळक असेल आणि गाठ शस्त्रक्रियेने काढता येण्याजोगी असेल, तर बरेच शल्यचिकित्सक बायोप्सी टाळून थेट शस्त्रक्रियेचा विचार करतात.

मूळ कर्करोग कुठला हेच माहीत नसेल, चित्र संदिग्ध असेल किंवा औषधाची निवड गाठीच्या जनुकीय तपासणीवर अवलंबून असेल, तेव्हा सुईला पर्याय उरत नाही. पेशी कोणत्या अवयवाच्या आहेत हे एमआरआय खात्रीने सांगू शकत नाही. पॅथॉलॉजिस्ट विशेष चाचण्यांनी पेशींतील प्रथिने तपासतात. सीके२० आणि सीडीएक्स२ ही प्रथिने सापडली आणि सीके७ सापडले नाही, तर बोट आतड्याकडे जाते.

बायोप्सीत शितावरून भाताची परीक्षा केली जाते. भात सगळीकडे सारखा शिजलेला असेल तरच ती परीक्षा खरी ठरते, आणि दुय्यम गाठ सारखी शिजलेली नसते. सुई मध्यभागी गेली तर नमुन्यात केवळ मृत ऊती येतात आणि अहवाल 'नेक्रोसिस. निदानास अपुरा' असा मिळतो. असा अहवाल वाचून कर्करोग नाही असे समजून आनंद मानणारी कुटुंबे असतात, आणि तो गैरसमज वेळीच दूर करणे हे उपचार करणाऱ्यांचे कर्तव्य आहे. एमआरआयमधील उजळ कड पाहून सुई तिकडे वळवली, तर जिवंत पेशी हाती लागण्याची शक्यता वाढते. दोन तपासण्या एकमेकींना पूरक आहेत याचे याहून थेट उदाहरण सापडणार नाही.

मापे का जुळत नाहीत?

एमआरआयची एक चकती साधारण ४ मिलिमीटर जाडीची धरली आणि सूक्ष्मदर्शकाखालचा काप ४ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) धरला, तर एका चकतीत असे १००० काप मावतील. पॅथॉलॉजिस्ट गाठीचे सगळे काप पाहत नाहीत, निवडक भागांचेच पाहतात, आणि शल्यचिकित्सकाने काढलेला तुकडा ज्या दिशेने कापला जातो ती दिशा एमआरआयच्या चकत्यांच्या दिशेशी क्वचितच जुळते. त्याशिवाय शरीराबाहेर आलेल्या यकृतातून रक्त निघून जाते आणि फॉर्मॅलिन या टिकवण्याच्या द्रावणात ऊती आकसतात. दोन अहवालांत काही मिलिमीटरचा फरक असला तर कोणाची तरी चूक झाली असे मानण्याचे कारण नाही. गाठींची संख्याच वेगळी आली, तर मात्र प्रश्न विचारायला हवा.

गाठ दिसेनाशी झाली, म्हणजे गेली ना?

हा प्रश्न रुग्ण सर्वाधिक आशेने विचारतात, आणि त्याचे उत्तर काळजीपूर्वक द्यावे लागते. केमोथेरपीनंतर काही गाठी प्रतिमांमधून नाहीशा होतात. फ्रान्समधील संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सीटी स्कॅनवर दिसेनाशा झालेल्या ६६ गाठींचा माग घेतला होता. त्यांपैकी ८३ टक्के जागी एक तर शस्त्रक्रियेत वा सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोग शिल्लक आढळला, किंवा पुढे तिथेच गाठ पुन्हा उगवली. एमआरआय, विशेषतः यकृताच्या पेशी शोषून घेतात त्या कॉन्ट्रास्टसह, सीटीपेक्षा अधिक विश्वासार्ह आहे, तरीही त्याला मर्यादा आहे. एक घन सेंटिमीटर गाठीत कोट्यवधी पेशी असतात. त्यांतल्या काही हजार उरल्या तर कोणत्याही यंत्राला त्या दिसणार नाहीत. शिवाय केमोथेरपीमुळे यकृतात चरबी साठते किंवा त्याच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा होते, आणि गाठ व यकृत यांच्यातील उजेड-अंधाराचा फरकच पुसट होतो.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. एमआरआयमध्ये गाठ ठळक दिसत असते, पण काढल्यावर पॅथॉलॉजिस्टला तिच्यात एकही जिवंत पेशी सापडत नाही. वणवा विझलेला असतो आणि उरलेली असते ती राख व तंतुमय व्रण. केमोथेरपीनंतर गाठीचा आकार किती घटला यापेक्षा तिच्यात जिवंत पेशी किती आणि तंतुमय ऊती किती, हे प्रमाण रुग्णाच्या पुढील आयुष्याबद्दल अधिक सांगते, म्हणून पॅथॉलॉजिस्ट त्याची श्रेणी ठरवून अहवालात लिहितात. गाठीची कड यकृताला कशी भिडते हेही ते पाहतात. काही गाठींभोवती तंतुमय कुंपण असते. काहींत कर्करोगाच्या पेशी कुंपणाविना थेट यकृतपेशींच्या रांगांत शिरून त्यांची जागा घेतात, आणि दुसऱ्या प्रकारात आजार सहसा अधिक आक्रमक असतो.

गॅडोलिनियम सुरक्षित आहे का?

मूत्रपिंडे चांगली असतील तर बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही. मूत्रपिंडे फारच निकामी असलेल्या काही रुग्णांत त्वचा आणि आतल्या अवयवांचे तंतुमय काठिण्य निर्माण करणाऱ्या दुर्मीळ आजाराशी या धातूचा संबंध २००६ साली लक्षात आला. तेव्हापासून तपासणीआधी मूत्रपिंडांच्या विकारांची चौकशी केली जाते, आणि गरज असेल तर मूत्रपिंडांचे काम दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन तपासले जाते. पुढे वारंवार कॉन्ट्रास्ट घेतलेल्यांच्या मेंदूत त्याचे अंश आढळले. त्यापासून प्रत्यक्ष इजा झाल्याचे सिद्ध झालेले नसले तरी युरोपीय औषध नियामकांनी २०१७ साली अनेक जुनी संयुगे थांबवली आणि गॅडोक्सेटिक आम्ल यकृताच्या तपासणीपुरते चालू ठेवले, कारण तिथे त्याचा फायदा मोठा आहे. तो फायदा किती हे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासावरून कळते. आतड्याच्या कर्करोगाच्या २९८ रुग्णांत सीटीनंतर यकृताचे कॉन्ट्रास्ट एमआरआय केले, तेव्हा ३१ टक्के रुग्णांची उपचारांची योजना बदलली.

जुनी सीडी

केमोथेरपी सुरू होण्याआधीच्या एमआरआयची सीडी म्हणूनच जपून ठेवावी, आणि शहर किंवा रुग्णालय बदलले तर छापील अहवालाबरोबर तीही न विसरता न्यावी. गाठ पुसट झाल्यावर ती नेमकी कोणत्या शिरेच्या कोणत्या फाट्याला लागून होती, हे शल्यचिकित्सक अहवालातील दोन ओळींवरून ठरवू शकत नाही. त्यासाठी त्याला मूळ प्रतिमाच समोर लागतात. काढलेला तुकडा पॅथॉलॉजीकडे जातो तेव्हाही तीच प्रतिमा उपयोगी पडते. 'या जागी आठ मिलिमीटरची गाठ होती, आता हाताला लागत नाही' अशी चिठ्ठी सोबत असेल, तर पॅथॉलॉजिस्ट तेवढ्या भागाचे अधिक पातळ काप घेऊन ती जागा शोधून पाहतात.